रंगाचं नाव घ्यायचं नाही

धुळ्यात मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या स्वेटरकडे पाहिलं. सदुसष्ट सालचा डिसेंबर होता. शाळेत विज्ञानाची शिक्षिका म्हणून नवी नेमणूक झालेली, ट्रंक एका ओळखीच्यांच्या पडवीत ठेवलेली, आणि डोक्यावर छप्पर कुठलं याचा पत्ता नाही. मी भडगावची. घरून निघताना मोठ्या हौसेनं स्वतः विणलेला जांभळा स्वेटर घालून आले होते. ओट्यावर एक सडपातळ म्हातारे गृहस्थ सुया घेऊन विणत बसले होते. पुरुषमाणूस विणताना मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून मी त्यांच्या हातांकडे बघत राहिले आणि ते माझ्या बाह्यांकडे.

"कोणी निवडला हा रंग?"

"मीच."

"हाऊ रंग चांगला शे, पन तुना नही," ते अहिराणीत म्हणाले. मग शहरी मराठीत आले. "जरा अशी उत्तरेकडं तोंड करून उभी राहा. रंग तिकडच्याच उजेडात खरा दिसतो."

मी राहिले. आज कुणी असं सांगितलं तर मी त्याला दोन शब्द सुनावीन, पण तेव्हा मला खोली हवी होती. त्यांनी मला कपाळापासून हनुवटीपर्यंत निरखलं, जणू मीच एखादी लोकरीची लडी होते, आणि म्हणाले, "खोली शे. सोमवारपासून ये. हा स्वेटर मात्र या ओट्यावर घालायचा नाही."

अशा रीतीनं मी नानांची भाडेकरू झाले. पुढची चार वर्षं मी त्या ओट्यालगतच्या खोलीत काढली. गल्लीत त्यांना सगळे नाना म्हणत, त्यांच्या बायकोला अक्का. मीही तेच म्हणू लागले. ते मला मास्तरीण म्हणत.

नानांनी जन्म काढला होता कापडगिरणीच्या रंगखात्यात. कापडाचा एक ताका मागच्या ताक्याशी रंगाला जुळतो की नाही, हे डोळ्यानं सांगणं हे त्यांचं काम. साहेबलोकसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय माल पुढं सोडत नसत म्हणे. हे 'म्हणे' माझं आहे. नाना सांगताना ते वापरत नसत. विणकाम त्यांच्याकडे कसं आलं ते मात्र अक्कांच्या तोंडून ऐकावं. "लेकीसाठी मोजे विणत होते मी. रंग चुकला म्हणून यांनी माझ्या हातातून सुया काढून घेतल्या, त्या काही अजून परत दिल्या नाहीत."

त्या सुयाही बाजारच्या नव्हत्या. बाजारच्या सुया जाड, त्यांनी वीण ढिली पडते आणि ढिल्या विणीत रंग विस्कटतो, असं त्यांचं मत. म्हणून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून चाकाच्या जुन्या तारा आणायच्या, दगडावर घासून टोकं काढायची, दुसऱ्या टोकाला बाभळीच्या लाकडाची गुंडी बसवायची. अशा दहा-बारा जोड्या त्यांच्या पत्र्याच्या डब्यात असत. मी त्या सुयांवर एकदा हात चालवून पाहिला. अर्धी ओळ विणेपर्यंत बोटं दुखायला लागली. नाना त्यांवर दिवसाला स्वेटरची वीतभर पाठ उतरवत.

त्यांचा सगळ्यात मोठा नेम म्हणजे रंगाचं नाव घ्यायचं नाही. त्यांच्यासमोर कुणी 'लाल' म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. "नाव ऐकलं की डोळा आळशी होतो," ते म्हणत. "लाल म्हटलंस, की तू बघायचं सोडून दिलंस." स्वतः बोलायचे तेव्हा ते वस्तूंवरून बोलत. वांग्याच्या देठाजवळचा. कढईच्या बुडाचा. पहिल्या दिवसाचं कपाशीचं फूल आणि दुसऱ्या दिवसाचं कपाशीचं फूल, हे त्यांच्या लेखी दोन वेगळे रंग होते आणि ते खरंच आहे. कपाशीचं फूल उमलतं तेव्हा फिकं पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. शेतात वाढलेल्या मला हे माहीत होतं, पण ते दोन रंग शेजारीशेजारी विणता येतील हे मला सुचलं नव्हतं.

घरातही तोच नेम. अमुक रंग का घेतला, तमुक का नाही, असं अक्कांनी लग्नानंतर एकदाच विचारलं होतं. उत्तर दुपारभर चाललं आणि चुलीवरची डाळ करपली. त्यानंतर अक्कांनी तो विषय कायमचा सोडला. मीही पहिल्या महिन्यातच शिकले. नाना काय विणतायत ते बघायचं, छान म्हणायचं आणि पुढं जायचं.

लोकर घ्यायला ते आग्रा रोडवरच्या एका शेठजींच्या दुकानात जात. शेठजी मूळचे मारवाडातले, पण दोन पिढ्या धुळ्यात मुरलेले. दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात रंग बघणं नानांना पाप वाटे. ते गाठोड्यातली लडी स्वतःच्या हातानं काढत, दुकानाबाहेर येत, रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीच्या सावलीत उभे राहत आणि तिथं तिच्याकडे पाहत. आवडली नाही तर परत रस्ता ओलांडून दुसरी. मधून टांगे, सायकली, एस.ट्या. शेठजींनी एकदा हौसेनं सांगायचा प्रयत्न केला, "नाना, ये बघा, नवा मोतिया आलाय."

"शेठ, नाव सांगू नका."

"बरं बाबा. एक वस्तू आली आहे, बघा."

विकत आणलेली लोकर लगेच विणायला घ्यायची नाही. आधी तिची 'चव' बघायची. चव म्हणजे पंधरा टाक्यांचा चौकोनी तुकडा. तो साबणानं धुवायचा, पिळायचा आणि अर्धा पुठ्ठ्यानं झाकून दोरीवर उन्हात टाकायचा. आठवड्यानं पुठ्ठा काढला की झाकलेली बाजू आणि उघडी बाजू यांत किती फरक पडला ते दिसे. धुळ्याच्या उन्हात भलेभले रंग आठ दिवसांत माना टाकत. ओट्यासमोरच्या दोरीवर असे वीस-पंचवीस तुकडे कायम लटकलेले असत, आणि नवा पोस्टमन आला की हमखास विचारे, इथं बाळंतीण आहे का म्हणून.

शिवाय लोकर एकटी विणायची नाही. गिरणीतून मिळणारं सूत आणि लोकर असे दोन धागे जोडीनं सुईवर घ्यायचे. त्यामागं त्यांचा हिशोब होता की खानदेशात सकाळी हुडहुडी भरते आणि अकराला घाम फुटतो. निम्मी लोकर पुरे. पण मला वाटतं खरं कारण दुसरं होतं. लोकरीचा रंग मऊ असतो, सुताचा कोरडा. दोन्ही एकत्र पिळले की कुठल्याच दुकानात नसलेला तिसरा रंग तयार होई. तो बघताना त्यांचा चेहरा फुलायचा.

आणि गिऱ्हाईकाला, म्हणजे जो कुणी स्वेटर मागेल त्याला, रंग निवडायची मुभा नव्हती. दवाखान्यातला कंपाउंडर आला. त्याला काळाभोर हवा होता. नानांनी त्याला विचारलं, "दिवसभर कुठं बसतोस? पाठीमागं भिंत कसली शे?" भिंत हिरवट होती. दुसऱ्या दिवशी नाना खोकला नसताना दवाखान्यात जाऊन भिंत बघून आले. कंपाउंडरला मिळाला तो विटकरीकडे झुकणारा, बाह्यांना राखाडी पट्टी असलेला स्वेटर. तो घालून तो औषधाच्या खिडकीत बसला तर डॉक्टरांपेक्षा रुबाबदार दिसे. डॉक्टरांना ते फारसं आवडलं नाही असं ऐकलं.

माझ्यासाठीही त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात एक विणला. दुसऱ्या दिवसाचं कपाशीचं फूल आणि त्यात ओल्या राखेचे बारीक पट्टे. मी सावळी आहे. गुलाबी आपल्याला शोभत नाही असं मला लहानपणापासून घरातल्या सगळ्या बायकांनी पढवलेलं. तो स्वेटर घालून मी शाळेत गेले तर आमच्या कडक मुख्याध्यापिकाबाईंनी हजेरीपट बाजूला ठेवून विचारलं, "आज काही विशेष?" विशेष काही नव्हतं. मी चोवीस वर्षांची होते आणि आपण बरे दिसतो हे मला पहिल्यांदाच कळलं होतं. ते नानांनी मला दिलं, एवढं मी मान्य करतेच.

म्हणूनच पुढं जे झालं त्यात माझा दोष जास्त आहे.

दुसऱ्या वर्षी नानांचे रंग बदलले. एका मुनिमाला त्यांनी तपकिरी आणि जांभळ्या पट्ट्यांचा स्वेटर दिला. शेजारच्या काकूंच्या शालीला शेवाळी मधोमध आणि कडेला भडक पोपटी. बघताना दात आंबत. पण नाना आहेत, त्यामागं काही विचार असणारच, असं सगळ्यांनी धरलं. मी तर त्याहून पुढं गेले. शिक्षकांच्या खोलीत मी भाषण ठोकलं की नाना आता नियमांच्या पलीकडे गेले आहेत, ज्यांना ते रंग खटकतात त्यांची नजर तयार नाही. एका बाईंनी ते ऐकून घरी जाऊन तपकिरी-जांभळी पट्टी विणायला घेतली. हां हां म्हणता ती फॅशन झाली. त्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत निम्म्या बायका आणि झाडून सारी पोरं तपकिरी-जांभळ्यात फिरत होती. शेठजींनी त्या दोन लोकरी दुकानात दर्शनी भागात मांडल्या.

त्याच सुमाराला नाना शेठजींशी भांडू लागले. "माल मळकट येतो शेठ तुमच्याकडं. बठ्ठा मळकट, सगळाच." शेठजी शपथा घेत. नाना रस्ता ओलांडून सावलीत जात, लडी डोळ्यांजवळ धरत, परत येत. एकदा मी सोबत होते. त्यांनी चार गाठोडी उलटीपालटी केली आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले, "आभाळना रंग कोठे गया? कोणी तो करतच नही आते?" गाठोड्यात निळ्या लोकरीच्या निदान सहा लड्या होत्या. मला वाटलं, त्यांना हवा तसा निळा नाही. शेठजींनाही तसंच वाटलं असणार. तोंड उघडायचं धाडस दोघांनाही झालं नाही, आणि खरं सांगायचं तर ते धाडसाचं काम आहे हेही आमच्या लक्षात आलं नाही.

नाना-अक्कांना एकच लेक, अमळनेरला दिलेली. तिचं पहिलं बाळंतपण धुळ्याला झालं होतं आणि ते मूल तीन महिन्यांचं होऊन गेलं. मी येण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. म्हणून दुसऱ्या खेपेला सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलंच नाही. नानांनी ते मुकाट्यानं सोसलं. अमळनेरलाच मुलगा झाला आणि बारशाचं बोलावणं आलं. आजोळची कुंची न्यायची होती. नानांनी शेठजींच्या दुकानातून एकट्यानं जाऊन लोकर आणली, सगळ्यांत बारीक सुया काढल्या आणि आठ दिवस दुसरं काही हातात धरलं नाही.

ती कुंची मी सुयांवर पाहिली, अक्कांनीही पाहिली. काळीकुट्ट होती. कडेला फिकट पिवळी किनार. बारशाला काळं नेत नाहीत हे काय मला सांगायला हवं? आणि तेही त्या घरात, जिथं पहिलं मूल गेलेलं. मी अक्कांकडे पाहिलं, अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघी आपापल्या कामाला लागलो. घरात रंगाबद्दल विचारायचं नसतं.

रविवार होता म्हणून त्यांच्या आग्रहानं मीही गेले. अमळनेरला घर माणसांनी भरलेलं. पाळणा सजवलेला. नाना धुतलेल्या धोतरात, टोपी घालून पुढं झाले आणि त्यांनी रुमालातून कुंची काढून विहीणबाईंच्या हातात दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रंगाचं नाव घेताना ऐकलं. नातवासाठी त्यांनी नेम मोडला होता.

"निळी शे," ते म्हणाले. "दिवेलागणीनंतरचं आभाळ. अन् किनार चांदण्याची, पांढरी."

विहीणबाईंनी कुंचीकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना ती कुठं धरावी ते कळेना. बायकांची कुजबुज एकदम थांबली. मागून एक म्हातारी "काळी कशी—" एवढंच म्हणाली आणि लेकीनं तिच्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द तिच्या तोंडातच राहिले. मग लेकीनं हात पुढं करून कुंची घेतली, मांडीवरच्या बाळाला घातली आणि हनुवटीखाली बंद बांधला.

"छान निळी आहे, नाना," ती म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही.

मी भिंतीला टेकून उभी होते. आठवीला डोळ्याचा धडा मी दरवर्षी शिकवत होते. भिंग, पडदा, मोतीबिंदू. फळ्यावर आकृती काढायचे, बाण काढायचे. मोतीबिंदूत भिंग पिवळं पडतं हे सांगायचे आणि पुसून टाकायचे. पिवळ्या काचेतून बघणाऱ्या माणसाला निळा दिसत नाही, गडद निळा आणि काळा वेगळे कळत नाहीत, पांढरा आणि पिवळा एकच वाटतो, हे मला त्या भिंतीपाशी उभं असताना समजलं. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी पेढाही घेतला नाही.

परतीच्या एस.टी.त नाना खिडकीशी बसले होते. खुशीत होते. "पाहिलंस ना मास्तरीण?" ते म्हणाले. "एक माणूस बोललं नाही. रंग बरोबर बसला की माणसं गप्प होतात."

अक्का पलीकडच्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का गहू निवडत होत्या. मी शाळेला निघाले तशी त्यांनी मान वर न करता म्हटलं, "तुले समजनं ना?"

"हो."

"त्यास्ले सांगू नको."

"अक्का, शस्त्रक्रिया होते त्यावर. डोळा परत येतो."

"अन् नही वना तं? गिरणीतला एक जण गेलता, त्याचा डोळाच गेला." सूप हातात तसंच राहिलं. "त्यासनाजोडे डोळ्यांबिगर दुसरं काय शे, सांग मला."

दिवसभर शाळेत वर्ग घेतले, पण मन नव्हतं. संध्याकाळी उन्हं असतानाच परत आले. नाना ओट्यावर नव्या लोकरीची चव विणत बसले होते. मी पायरीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, कारण थांबले असते तर सांगितलं नसतं.

"नाना, ती कुंची काळी होती."

सुया थांबल्या.

"अमळनेरची. काळी होती. आणि किनार पिवळी. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे."

ते उठले. हातातली लोकर घेऊन गल्लीत गेले, उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता.

"मुनिमाचा?"

"तपकिरी आणि जांभळा."

"मी करडा अन् निळा केलता. अन् काकूची शाल?"

मी सांगितलं. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. एकेक स्वेटर त्यांनी विचारला आणि एकेकाचा रंग मी नाव घेऊन सांगितला. एवढी वाईट संध्याकाळ माझ्या वाट्याला फार थोडी आली आहे.

"म्हणजे दोन वर्षं," नाना म्हणाले. "दोन वर्षं तू रोज या पायरीवरून जातेस."

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम—"

"अन् पोरगी निळी म्हणाली." ते माझ्याशी बोलत नव्हते. "तिनं त्या बाळाला काळी घातली अन् निळी म्हणाली." डबा उचलून ते आत गेले.

चार दिवस ओटा रिकामा राहिला. दोरीवरचे तुकडे तसेच लटकत होते. शेठजी स्वतः चौकशीला येऊन गेले. अक्का माझ्याशी बोलत नव्हत्या, आणि मी खोली सोडावी की काय या विचारात होते. केलं ते बरोबर केलं याबद्दल मात्र मला शंका नव्हती. पाचव्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली. नाना कोट घालून उभे होते.

"दवाखाना कोणता चांगला, तुला ठाऊक असेल. चल. आज रजा टाक."

शस्त्रक्रिया झाली. त्या काळी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला उताणं झोपवत, मान हलवायची नाही. पट्टी बांधलेले नाना खाटेवर पडून हवेत बोटं हलवत असायचे. नर्सला वाटलं वात झाला. अक्कांनी तिला सांगितलं, "काही नाही, सुलट-उलट चाललंय." अक्का तेव्हा माझ्याशी परत बोलू लागल्या होत्या.

दीड महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. तो लावून नाना पहिल्यांदा गल्लीत उतरले तेव्हा मी सोबत होते. त्यांनी एका बाईला पाहिलं, मग तिच्या पोराला, मग नळावरच्या रांगेला. सगळीकडे तपकिरी आणि जांभळं.

"हाई काय शे?" ते म्हणाले.

"नाना, हाई तुमनीच फॅशन शे," रांगेतली एक बाई कौतुकानं म्हणाली. नाना नळाच्या कट्ट्यावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. डॉक्टरांनी हसायलाही बंदी केली होती, ती आठवण अक्कांनी खिडकीतून करून दिली.

तिथून ते थेट शेठजींच्या दुकानात गेले. रस्ता ओलांडून लडी पाहिली. त्या ऑपरेशननंतर निळा फारच निळा दिसतो म्हणतात. नाना ती लडी घेऊन इतका वेळ उभे राहिले की मला वाटलं चक्कर आली. मग आत येऊन त्यांनी शेठजींपुढं हात जोडले. "माल चांगला होता शेठ. दोन वर्षं मी तुम्हाला खोटं पाडलं." शेठजी इतके गोंधळले की त्यांनी चहा मागवला.

अमळनेरलाही ते एकटेच जाऊन आले. लेकीशी काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. नातू चांगला गुटगुटीत झाला होता एवढं सांगितलं.

त्यानंतर नानांना एक नवीच खोड लागली. हातात लोकर घेतली की समोर जो कुणी असेल त्याला विचारायचे, "कोणता रंग?" पोस्टमनला, काकूंना, कुणालाही. लोक घाबरले. पुन्हा डोळे बिघडले असं वाटून मीच एकदा त्यांना डॉक्टरांकडे चला म्हटलं.

"माले बठ्ठं दिखस," नाना म्हणाले. "तुम्हा लोकांची सांगायची सवय जायला नको."

एकाहत्तरच्या हिवाळ्यात माझी जळगावला बदली झाली. निरोपाचा म्हणून नानांनी माझ्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. तीन आठवडे खपून पाठ पूर्ण केली, समोरचा भाग निम्मा आला. निघायच्या आदल्या रविवारी सकाळी त्यांनी ती पाठ माझ्या खांद्याला लावून पाहिली.

"कोणता रंग?"

"हिरवा."

"कसा हिरवा?"

मी आरसा आणला, ओट्यावर आले, उत्तरेकडे तोंड करून उभी राहिले. रंग आवडला की नाही याबद्दल चार वर्षांत त्या घरात मी एकदाही 'छान' याखेरीज दुसरा शब्द उच्चारला नव्हता. वीण सुंदर होती. एकही टाका इकडचा तिकडे नव्हता. आणि माझा चेहरा त्या रंगाशेजारी आठ दिवस तापानं फणफणल्यासारखा दिसत होता.

"नाना, हा चांगला नाही," मी म्हणाले. "मला नको हा."

अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि माझ्याकडे आणि पाठीकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मला तर आवडला होता," ते म्हणाले.

असं म्हणत त्यांनी सुई ओढून काढली, धागा मोकळा केला आणि माझ्या हातात त्याचं टोक दिलं. मी गुंडाळत गेले, ते उसवत गेले. तीन आठवड्यांचं काम जेवायच्या आत संपलं. चार वर्षांत मी नानांना तेवढं आनंदात कधीच पाहिलं नव्हतं.